मिठाच्या बरणीवरची घंटी

केडगावहून फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या आमच्या गच्चीत शेंगा फोडत बसले होते, आणि फोडता फोडता निम्म्या खात होते. पलीकडून सुमनचा आवाज आला. सुमन म्हणजे वन्संची शेजारीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. ‘आजी, निघा तुम्ही. आपल्या वन्सं गेल्या…’ एवढंच म्हणाली. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्या माझ्या वन्सं, सख्खी नणंद. सुमनच्या त्या नात्यानं कुणीच लागत नव्हत्या. पण त्यांना वन्सं सोडून दुसरं काही म्हणणारा माणूस मला गेल्या पन्नासेक वर्षांत भेटलेला नाही, आणि हा सगळा घोळ माझा. तो पुढं सांगते.

मुलानं लगेच गाडी काढली. दुपारी आम्ही केडगावात पोचलो. वन्संना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. पायाशी वाकले, आणि मग सवयीनं स्वयंपाकघरात गेले, कारण त्या घरात शिरल्यावर मी आधी तिथंच जायची. गॅसवर आमटीचं पातेलं होतं, शेजारी चिरलेली कोथिंबीर. सकाळी आमटी उकळत ठेवून, जरा दम लागला म्हणून वन्सं खुर्चीत टेकल्या त्या तशाच राहिल्या. सुमन वाटी परत द्यायला आली तेव्हा कळलं. गॅस तिनंच बंद केला. ओट्यावर मिठाची चिनी मातीची बरणी होती, आणि बरणीच्या गळ्यात लाल दोऱ्यानं अडकवलेली एक पितळी घंटी. बैलाच्या गळ्यात असते तसली, पण वासराच्या मापाची. सुमन मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘ही घंटी त्या बरणीला का लावायच्या हो? देवाची आहे का?’ मी म्हणाले, ‘नाही गं, ऑफिसची.’ तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हातारीला धक्का बसलाय असं तिला वाटलं असणार.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला मी लग्न होऊन पुणतांब्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आले. आमचे हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचे. सासू-सासरे नव्हते, घरात आम्ही दोघं आणि वन्सं. त्या सासर सोडून आल्या होत्या. का सोडलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात टायपिस्ट होत्या. इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या, आणि हे दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायच्या. गरीब गाय वगैरे प्रकार नव्हता तो. मीही काही कमी नव्हते. मॅट्रिकचं प्रमाणपत्र फ्रेम करून मी माझ्या रुखवतात मांडलं होतं, करंज्या आणि क्रोशाचे रुमाल यांच्या मधोमध. वऱ्हाडातल्या बायका ते पाहून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मला वाटलं, कौतुक करतायत.

त्या हंगामाआधी शेतकी ऑफिसला हंगामी कारकून हवे होते. वन्संनी साहेबांना गळ घालून मला चिकटवलं. पहिल्या दिवशी मी नायलॉनची साडी नेसून आणि नंबर नसलेला चष्मा लावून गेले. विद्वान दिसावं म्हणून हो, दुसरं काय! साडी खांद्यावरून घसरत होती, चष्मा नाकावरून. एक सावरावं तर दुसरं निसटायचं. तशातच मी सगळ्या ऑफिससमोर हाक मारली, ‘अहो वन्सं, हे कागद कुठं ठेवू?’ त्यावर जो हशा पिकला… दुसऱ्या दिवशी शिपाई त्यांना वन्सं म्हणाला. आठवड्यात कारकून म्हणायला लागले, मग चिठ्ठ्या न्यायला येणारे शेतकरी. शेवटी शेतकी अधिकारी साहेबसुद्धा, एरवी इंग्रजीत शिंकणारा माणूस, ‘वन्सं, हे टाइप करून द्या’ म्हणून गेले. घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, ‘नलू, सारा तालुका माझी भावजय करून ठेवलास तू. निदान साहेबाला तरी सोडायचंस!’

आता काम काय होतं ते सांगते. शेतकऱ्यानं लावलेल्या उसाच्या प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड असायचं. ऊस कधी लावला, क्षेत्र किती, तोड झाली की नाही. कार्डं गाववार खणांत, आणि खणांचं एक लांबलचक कपाट. कुणीही कारकून कपाटाशी जाऊन कार्ड बघायचा, तोड राहिलीय असं दिसलं की आपल्या मेजावर येऊन तोडणीची चिठ्ठी लिहायचा. ती चिठ्ठी घेऊन ऊसतोडीची टोळी फडात जायची. चिठ्ठी लिहून झाल्यावर, जमेल तेव्हा, कारकून कार्डावर खूण करायचा. सगळा घोटाळा त्या ‘जमेल तेव्हा’त होता. तेवढ्या वेळात दुसरा कारकून तेच कार्ड बघायचा, त्यालाही तोड राहिलेली दिसायची, तोही चिठ्ठी लिहायचा. मग एका फडावर दोन टोळ्या कोयते घेऊन समोरासमोर, आणि तिकडं दुसऱ्या कुणाच्या उसाकडं कुणीच नाही. आदल्या हंगामात असा एक शेतकरी ऑफिसात आला होता. पाऊस रुसलेला, कॅनॉलला पाणी बेताचं, आणि ह्याचा ऊस उभ्या उभ्या वाळत चाललेला. त्यानं तुरा आलेलं उसाचं एक कांडं आणून वन्संच्या टाइपरायटरवर आडवं ठेवलं. ‘बगा बाई, तुरा आला. आता ह्यात काय साकर हाय? पाचट हाय नुस्तं. टोळी येती येती म्हनून मी बांधावर बसून हाय.’ ती चिठ्ठी कुणाची चुकली, ह्याचा शोध लागला नाही. लागणारच नव्हता, कारण कुणीच चुकलं नव्हतं. वन्संनी ते कांडं टाकून दिलं नाही. घरी आणून दाराच्या कोपऱ्यात उभं केलं. मी नवी नवरी, मला वाटलं ही जाळी काढायची काठी. मी त्यानं जाळी काढली. वन्संनी फक्त बघितलं. तसं बघणं मी परत कुणाचं पाहिलेलं नाही.

मग आमटीचा प्रसंग झाला. एका संध्याकाळी आमचे हे पहिला घास घेऊन तांब्याभर पाणी पिऊन गेले. आमटी खारट, तोंडात धरवेना. मी लगेच वन्संकडं बोट दाखवायच्या तयारीत. पण वन्सं पळी हातात धरून नुसत्या उभ्या. म्हणाल्या, ‘नलू, तू मीठ घालायच्या आधी चाखलीस?’

‘चाखली की. अळणी होती.’

‘मीही चाखली. अळणीच होती. तू बरणी शोधायला वळलीस, तेवढ्यात मी घातलं. मी कोथिंबीर धुवायला गेले, तेवढ्यात तू घातलंस.’ त्या हसायलाच लागल्या. ‘दोघी बरोबर गं! दोघी बरोबर, आणि आमटी खारट!’

त्या रात्री आम्ही दही-भात खाल्ला आणि वन्संच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं. रविवारी त्या पुणतांब्याच्या बाजारातून बैलांच्या गळ्यातल्या लहान घंट्या टोपलीभर घेऊन आल्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा, हे ऐकून ऐकून निवडलेल्या. दुकानदारानं विचारलं म्हणे, ‘बाई, बैलं किती हायेत?’ वन्सं म्हणाल्या, ‘सगळं ऑफिस.’

त्यांची पद्धत अशी होती. कार्ड बघायचंय? कुणीही या, कितीही जणं या, उभ्यानं वाचा, अडवणूक नाही. पण कार्डावर काही लिहायचं असेल, तर आधी आपली घंटी त्या खणाच्या मुठीला अडकवायची. घंटी आहे तोवर त्या खणात दुसऱ्या कुणाचं पेन चालायचं नाही. चिठ्ठी आणि खूण दोन्ही तिथंच, उभ्या उभ्या, आणि मग आपली घंटी आपण काढायची. साहेबांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, सगळी कार्डं त्यांच्या खोलीतल्या कुलपाच्या कपाटात ठेवू, दगडूभाऊ एकटे काढून देतील. दगडूभाऊ म्हणजे आमचे थोरले कारकून, मिशीला तूप लावणारे. वन्सं म्हणाल्या, ‘मग दगडूभाऊंच्या दारात रांग लागेल आणि बाहेर ऊस वाळेल. साहेब, नुसतं वाचणाऱ्याला कशाला अडवायचं?’ साहेब कंटाळून म्हणाले, ‘ठीक आहे. हंगामाचा बॉयलर पेटायच्या आत संचालकांसमोर करून दाखवा. जमलं तर कपाट तुमच्या ताब्यात. नाही जमलं तर कार्डं माझ्या खोलीत आणि तुम्ही टाइपरायटरवर. पुन्हा हा विषय नको.’ वन्संना कपाट सांभाळणाऱ्याचं खिडकीजवळचं ते मेज किती हवं होतं, हे मी बघत होते. जेवताना घास हातात राहायचा. माहेरी परत आलेल्या बाईला स्वतःची म्हणता येईल अशी एक जागा मिळणार होती, किंवा मिळणार नव्हती.

आणि मग ह्या बाईनं काय करावं? स्वतःचीच पद्धत मोडायला घेतली! सुट्टीच्या दिवशी ऑफिसात मागच्या वर्षीची जुनी कार्डं काढून, कारकुनांना भज्यांचं आमिष दाखवून बोलावलं. मला म्हणाल्या, ‘चांगलं वागणाऱ्यांनी तपासून काही कळत नाही. तू घरात नाही का सगळ्यांच्या खोड्या काढतेस? तशी इथं काढ. तुझ्या वात्रटपणाचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होतोय.’ मी चष्मा सावरला. मला वाटलं, ही माझी बढती.

मी काय काय केलं! खणाला घंटी लावली आणि बाहेर लिंबाखाली पेरू खात बसले. आत पुणतांब्याचा खण अडलेला, सगळे तिष्ठत. वन्सं दारात येऊन बघत राहिल्या, रागावल्या नाहीत, आत जाऊन नवा नियम सांगितला. घंटी लावून जागा सोडायची नाही. आणि कुणी सोडलीच, तर त्याला नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची, थोडं थांबायचं, आणि ‘ओ’ आली नाही तर त्याची घंटी आपण काढून त्याचं राहिलेलं काम पुरं करायचं. मग मी दुसरी खोडी काढली. कार्ड वाचलं, डोक्यात ठेवलं, चहा पिऊन आले, घंटी लावली आणि डोक्यातलंच उतरवलं. तोवर त्या कार्डावर दगडूभाऊंची खूण पडून गेलेली. घंटी नियमाप्रमाणे, चिठ्ठी चुकीची. वन्सं खूश! ‘घंटी लावल्यावर पुन्हा वाचायचं. आधी वाचलेलं धरायचं नाही. मीठ घालायच्या आधी पुन्हा चाखायची!’

पण खरी मजा तिसरी. एका शेतकऱ्याचे तुकडे दोन गावांत होते, दोन्ही कार्डांवर बरोबर लिहायचं होतं. मी पुणतांब्याच्या खणाला घंटी लावून पलीकडच्या गावाच्या खणाकडं वळले, तर तिथं दगडूभाऊंची घंटी. आणि त्यांना हवा माझा खण.

‘काढा की दगडूभाऊ घंटी,’ मी म्हणाले.

‘आधी तू काढ पोरी. मी नोकरीला लागलो तवा तू पाळन्यात हुतीस.’

‘मग थोरल्यांनी मन मोठं करावं.’

‘धाकट्यांनी ऐकावं. न्हाई काडत.’

‘मीही नाही काढत.’

भजी गार झाली. बाकीचे खाऊन घरी गेले. आम्ही दोघं एकेक मूठ धरून, नवरानवरी उखाण्याला अडून बसतात तसे उभे. आणि वन्सं? त्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होत्या. ‘सापडलं! हे मला कितीही विचार करून सुचलं नसतं. तुमच्यासारखी दोन हट्टी माणसंच पाहिजेत!’ नियम झाला, दोन खण लागणार असतील तर डावीकडचा आधी धरायचा, मग उजवीकडचा. कधीही उलट नाही. एवढंच. एवढ्यानं दगडूभाऊंचं आणि माझं भांडण कायमचं मिटलं. ऑफिसातलं तरी.

बॉयलर पेटायच्या आदल्या आठवड्यात संचालक आले. अध्यक्ष म्हणजे पंचक्रोशीतले जुने बागायतदार, धोतर-टोपीतले. म्हणाले, ‘ह्ये घंट्यांचं काय नाटक हाय, वन्सं?’ बघा, तेसुद्धा! वन्संनी आमटीची गोष्ट सांगितली. अध्यक्ष मांडीवर थाप मारून हसले. ‘आमच्या घरात चार सुना हायेत. आमच्या आमटीचं गुपित आज कळलं.’ सगळे हसले, साहेबही. सुरुवात तर झकास झाली. मग वन्सं माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘नलू, मोड आता.’

आणि मी, रुखवतात प्रमाणपत्र मांडणारी शहाणी, मनाशी ठरवून आले होते की आज वन्संना सांभाळून घ्यायचं. मी घंटी लावून निघाले, पण उंबऱ्यापर्यंतच. हाक यायच्या आतच परत. दोन खण उलटे धरायचं सोंग केलं आणि स्वतःच ‘अगंबाई, डावीकडचा आधी नाही का!’ म्हणून दुरुस्त केलं. संचालक माना डोलावत होते. मला वाटलं, काय बेमालूम करतेय मी! तेवढ्यात वन्सं उठून उभ्या राहिल्या.

‘थांबा. ही हातचं राखून करतेय. ह्या तपासणीला काही अर्थ नाही.’

वन्सं माझ्याजवळ आल्या आणि मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाल्या, ‘माझं मेज वाचवतेस होय? आणि तिकडं फडात कोण वाचवणार? खरं कर.’

मला असा राग आला! भलं करायला जावं तर चारचौघांत ही शोभा. म्हटलं, थांबा, दाखवतेच. दगडूभाऊंची घंटी पुणतांब्याच्या खणाला होती आणि ते मान खाली घालून लिहीत होते. साहेब हात मागं बांधून शेजारीच उभे. मी साडीचा पदर नीट केला आणि मधाळ आवाजात म्हणाले, ‘साहेब, अध्यक्षांना पुणतांब्याचं एखादं कार्ड आपल्या हातानं दाखवता का? बरं दिसेल.’ साहेबांनी खण ओढला. घंटी खणखणली. सगळ्या ऑफिसनं ऐकली. दगडूभाऊ पेन उचलून अदबीनं बाजूला झाले. साहेबांनी कार्ड काढलं, त्यातली लावणीची तारीख त्यांना खटकली, आणि खिशातलं पेन काढून त्यांनी ती तिथल्या तिथं दुरुस्त केली. कुणी हूं की चूं केलं नाही. घंटी मुठीवर हलत होती…

‘साहेब,’ वन्सं म्हणाल्या, ‘तुमची घंटी?’

साहेबांचा हात तसाच राहिला. ‘माझी?’

‘दगडूभाऊंची घंटी लागलीय. ते लिहीत होते. त्यांनी बाजूला व्हायला नको होतं, पण ते होणारच, आपण साहेब आहात. म्हणजे माझी घंटी कारकुनांना अडवते, साहेबांना अडवत नाही.’ मग अध्यक्षांकडं वळून म्हणाल्या, ‘मोडली माझी पद्धत. माझ्या भावजयीनं मोडली. आज इथं मोडली हे बरं झालं, हंगामात मोडली असती तर कुणाच्या तरी उसाला तुरा आला असता.’ आणि हे सांगताना त्या बाईच्या तोंडावर काय होतं, सांगू? अभिमान. मेज जाणार हे दिसत असताना, माझ्यावरचा अभिमान! माझ्या मॅट्रिकवर कुणाला झाला नसेल एवढा.

अध्यक्षांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. म्हणाले, ‘मंग साह्यबालाबी घंटी बांदा की! आन मलाबी एक द्या. मी रोज हितं येतो आन कुनाचं ना कुनाचं कारड पुढं सारा म्हनतो. मला आजवर कुनी आडवलं न्हाई. आडवाया पायजे हुतं.’ साहेब लाल झाले होते. पण माणूस दिलदार. त्यांनी कार्ड खणात ठेवलं, दगडूभाऊंना म्हणाले, ‘तुमचं होऊ द्या आधी,’ आणि टोपलीशी जाऊन सगळ्यांत मोठ्या आवाजाची घंटी निवडली. ‘साहेबाची म्हणजे जरा दणदणीत पाहिजे, वन्सं.’

कपाट वन्संच्या ताब्यात आलं आणि खिडकीजवळचं मेजही. हंगाम सुरू झाला. बाहेर आवारात उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घंटा, आत आमच्या. नवा माणूस दारात गोंधळून उभा राहायचा. पण एका फडावर दोन टोळ्या गेल्याचं त्या वर्षी ऐकलं नाही, आणि पुढंही कधी ऐकलं नाही. हंगामाच्या ऐन मध्यावर तो आदल्या वर्षीचा शेतकरी आला. खांद्यावर हिरव्यागार उसाची मोळी. वन्संच्या मेजावर टाकून म्हणाला, ‘तुरा यायच्या आत गाडीत बसवला, वन्सं. ह्यो तुमचा वाटा.’ इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या आमच्या वन्सं साहेबांसमोर दातांनी ऊस सोलून खात बसल्या. घरी जाऊन त्यांनी कोपऱ्यातलं ते वाळकं कांडं चुलीत घातलं. ‘आता जाळी काढायला झाडू घे,’ मला म्हणाल्या.

निवृत्त होईपर्यंत ते मेज त्यांचंच राहिलं. नंतर केडगावात लहानसं घर बांधून त्या राहिल्या. आपापली घंटी मात्र आम्ही दोघींनी घरी आणली होती, आणि जिथं जिथं आम्ही एका स्वयंपाकघरात असू तिथं मीठ घालणारीनं बरणीला घंटी लावायची, हा नियम कधी मोडला नाही. पुढं एकट्या राहतानाही त्या लावायच्या. मी विचारलं, इथं कोण येतंय तुमच्या आमटीत मीठ घालायला? तर म्हणाल्या, ‘सुमन येते ना, वाटी घेऊन. आणि नियम काय माणसं मोजून पाळायचा?’

गेल्या दिवाळीत माझी नात मुक्ता त्यांना भेटायला आली होती. ती पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवरच्या माहितीची तपासणी करते. म्हणजे हजारो माणसं एकाच वेळी एकाच टेबलात लिहायला धावली तर काय होतं, ते मुद्दाम गर्दी करून बघायचं. टेबल म्हणजे मेज नव्हे, माहितीचा तक्ता. वाचणारे कितीही चालतात, कुणी लिहीत असला की तक्त्याला लॉक म्हणजे कुलूप लागतं, दुसरा थांबतो. लॉक धरून कुणी गायब झालं तर ठराविक वेळानं ते सोडवायचं. दोघं एकमेकांसाठी अडून बसले तर… ‘डावीकडून उजवीकडं,’ वन्सं म्हणाल्या. मुक्ताचा चहा तसाच राहिला. ‘आत्याआजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ वन्संनी माझ्याकडं बोट केलं. ‘हिनं. पेरू खाऊन.’ मग त्यांनी बारीक डोळे करून विचारलं, ‘आणि तुमच्यात साहेब असतो का? त्याला लॉक अडवतं का?’ मुक्ता जराशी चाचरली. म्हणाली, ‘ॲडमिनला, म्हणजे आमच्या साहेबाला, सगळं उघडता येतं.’ वन्सं खुर्चीत मागं रेलल्या, एखाद्या राणीसारख्या. ‘मग बाळ, तुमची तपासणी अजून व्हायचीय.’ पुण्याला परत निघताना मुक्तानं मला दारात गाठलं. मग म्हणाली, ‘आजी, तुम्ही दोघी लोकांना सांगत का नाही हे?’ म्हणून हे लिहायला बसले.

आता पुन्हा त्या दुपारकडं. लोक जमत होते, निघायची वेळ झाली होती. सुमन म्हणाली, ‘आजी, हे पातेलं मागं ओतून टाकू का?’ मी म्हणाले, ‘थांब जरा.’ बोटावर घेऊन आमटी चाखली. अळणी. घंटी लावली होती, मीठ घालायचं राहिलं होतं. उभ्या आयुष्यात वन्संनी घंटी लावून जागा सोडली ती ही एकदाच. मला दुसऱ्या कुणाच्या घंटीला हात लावायची परवानगी नव्हती. पण त्यांचाच एक नियम होता. मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं हाक मारली.

‘वन्सं…’

बाहेरच्या खोलीत कुजबुज थांबली. सुमन घाबरून माझ्याकडं बघत होती. मी थोडं थांबले. नियमात जेवढं सांगितलंय त्यापेक्षा जरा जास्तच थांबले असेन. मग बरणीच्या गळ्यातून लाल दोरा सोडवला, पुन्हा एकदा चाखली, आणि त्यांच्या हातानं पडायचं तेवढंच मीठ घातलं.

ती आमटी कुणी खाल्ली नाही, खायची नसतेच. पण अळणी राहिली नाही.